मजकुराचे वाफे
(इंदिरानगर, नाशिक येथे प्रौढ वर्गातील विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



तुम्हाला आता लिहिता येतं. अक्षराला अक्षर जुळतं, वाक्य पुरं होतं. पहिली मोठी चढण तुम्ही चढलात. आज पुढचं पाऊल टाकू. आपण लिहिलेलं दुसऱ्याला झटकन कसं कळेल, ते पाहू.

कांद्याचं रान तयार करताना शेतकरी काय करतो? वाफे पाडतो. मग पाटाचं पाणी एकेका वाफ्यात सोडतो. एक वाफा भरला की पाणी दुसऱ्यात घेतो. वाफे न पाडता पाणी मोकळं सोडलं तर काय होईल? खोलगट जागी तळं साचेल आणि उंचावरचं रोप वाळून जाईल.

लिखाणाचंही तसंच आहे. मजकुराचेही वाफे पाडावे लागतात. अशा एका वाफ्याला 'परिच्छेद' म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ सोपा आहे. एका गोष्टीबद्दलची चार-पाच वाक्यं एकत्र लिहायची. ती गोष्ट संपली की थांबायचं. दुसरी गोष्ट नव्या ओळीवर सुरू करायची.

याची गरज काय, असं कोणी विचारील. तर एक उदाहरण घेऊ.

समजा, एका बाईचे यजमान वारले. जमिनीच्या सात-बारा उताऱ्यावर आपलं आणि मुलांचं नाव लागावं, असा अर्ज तिला करायचा आहे. ती दुसऱ्याच्या पाया पडत नाही. स्वतः लिहिते:

"साहेब माझे मालक आषाढात वारले दोन महिने आजारी होते दवाखान्यात फार पैसे गेले म्हैस विकली मुलं लहान आहेत उताऱ्यावर आमची नावं लावावी दीर म्हणतात जमीन मी बघतो सोसायटीचं कर्ज आहे दाखला जोडला आहे यंदा पाऊस नाही तरी दया करावी."

यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण वाचणाऱ्यापुढे अर्जांचा ढीग पडलेला असतो. तो पहिली ओळ वाचतो, शेवटची वाचतो. बाईची मागणी तर मधेच दडून बसली आहे. त्याला वाटेल, ही कर्जाची सूट मागते आहे. किंवा दुष्काळाची मदत मागते आहे. अर्ज भलत्याच कागदांत जाऊन पडेल. बाईला हेलपाटे पडतील. वारसाने आपला हक्क तीन महिन्यांच्या आत कळवायचा असतो. म्हणजे इथे उशीर परवडत नाही.

आता त्याच अर्जाचे वाफे पाडू:

"माझे पती दिनांक अमुक रोजी वारले. अमुक गट नंबरची जमीन त्यांच्या नावावर आहे.

त्यांच्या मागे मी आणि दोन मुलं, असे आम्ही तीन वारस आहोत. मुलं अजून लहान आहेत.

तरी सात-बारा उताऱ्यावर वारस म्हणून आमची नोंद व्हावी, ही विनंती. मृत्यूचा दाखला सोबत जोडला आहे."

पाहा बरं! पहिल्या परिच्छेदात काय घडलं ते आलं. दुसऱ्यात आम्ही कोण ते आलं. तिसऱ्यात काय पाहिजे ते आलं.

मग म्हैस कुठे गेली? ती बहिणीच्या पत्रात जाईल. बाईचं दुःख खोटं नाही, पण त्याची जागा वेगळी आहे. आणि दिराबद्दल तक्रार करायचीच असेल, तर तिला वेगळा परिच्छेद द्यावा. मागणीत ती मिसळू नये.

गोष्टी अशा वेगवेगळ्या मांडण्याची रीत फार जुनी आहे. आपल्या इंदिरानगरहून पांडवलेणी जवळच आहेत. तिथल्या दहाव्या लेण्यात सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा एक लेख कोरलेला आहे. राजा नहपानाचा जावई उषवदात याने तिथल्या भिक्षूंसाठी ३००० नाणी कायमची ठेव म्हणून दिली. त्याचा हा लेख.

त्यात आधी लेणं दान दिल्याचं सांगितलं आहे. मग ठेव किती, ते सांगितलं आहे. मग ती कुठे ठेवली, ते सांगितलं आहे. गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका संघाकडे २००० आणि दुसऱ्या संघाकडे १०००. मग व्याज. पहिल्या रकमेला दरमहा शेकडा एक, दुसरीला शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजच खर्चायचं. आणि २००० च्या व्याजातून २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ नाणी द्यायची.

हिशेब करून पाहा. २००० वर महिन्याला २० व्याज. वर्षाचे झाले २४०. आणि वीस गुणिले बारा किती? २४०! दगडावर आजच्यासारखे परिच्छेद पाडलेले नाहीत. पण गोष्टी एकीमागून एक येतात, गुंतत नाहीत. म्हणून तो व्यवहार आज आपल्यालाही उलगडतो.

पुढे दफ्तरात मोडी लिपी चाले. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली भराभर लिहीत जायचं. दोन शब्दांमधे जागा सोडत नसत. लिहिणाऱ्याचा वेळ वाचे, पण वाचणाऱ्याचा जाई. मग १९ व्या शतकात मराठी पुस्तकं छापली जाऊ लागली. मेजर कँडी नावाच्या इंग्रज पंडिताने पूर्णविराम, स्वल्पविराम ही चिन्हं मराठीत रूढ केली. त्यामुळे वाचणाऱ्याचं काम पुष्कळ हलकं झालं. परिच्छेदाचंही काम तेच आहे.

आता चार गोष्टी ध्यानात धरा.

पहिली. लिहिण्याआधी बोटांवर मोजा. मला किती गोष्टी सांगायच्या आहेत? जितक्या गोष्टी, तितके परिच्छेद.

दुसरी. परिच्छेदाच्या पहिल्याच वाक्यात मुख्य गोष्ट सांगा. बाकीची वाक्यं तिच्या मागून येऊ द्या.

तिसरी. वेळ बदलली, माणूस बदलला किंवा विषय बदलला, की नवी ओळ घ्या. तिची सुरुवात समासापासून बोटभर आत करा. म्हणजे वाचणाऱ्याला नजरेनेच कळतं, की इथे नवी गोष्ट सुरू झाली.

चौथी. लिहून झालं की मोठ्याने वाचा. एखादं वाक्य चुकीच्या वाफ्यात पडलं असेल तर उचला आणि त्याच्या जागी लावा. आणि ते कुठेच बसत नसेल, तर खुशाल काढून टाका.

आज घरी गेल्यावर गावी एक पत्र लिहा. तीनच परिच्छेद लिहा. पहिल्यात इकडची खुशाली. दुसऱ्यात कामाची गोष्ट. तिसऱ्यात तिकडची विचारपूस. उद्या वर्गात ते पत्र शेजाऱ्याच्या हाती द्या आणि विचारा, "दादा, कामाची गोष्ट कोणती, ते बोट ठेवून दाखवा." त्याचं बोट लगेच नेमक्या जागी पडलं, तर तुमचं पत्र साधलं म्हणून समजा.