कुलमेळाव्यातील विवाह : काही संकेत



एकेकाळी एका वाड्यात नांदणारे कुटुंब आज पुणे, मुंबई, बंगळूर आणि थेट अमेरिकेपर्यंत विखुरले आहे. काही वर्षांनी सर्व शाखा एकत्र येतात, तेव्हा कोणाच्या तरी मनात सहज येते, 'सगळे जमलेच आहेत, तर याच मांडवात मुलाचे लग्न उरकून घेऊ.' विचार काटकसरीचा आहे, त्यात गैर काही नाही. मात्र मेळावा सर्वांचा असतो आणि लग्न दोन घरांचे असते, हा भेद विसरला की मने दुखावतात.

अक्षय्य तृतीयेचेच उदाहरण घ्यावे. भगवान ऋषभदेवांचे पारणे हस्तिनापूर येथे श्रेयांसकुमाराच्या हातून इक्षुरसाने झाले, त्या स्मरणार्थ वर्षीतप करणारे या दिवशी उसाच्या रसाने पारणे करतात. घरातील आजीने सुमारे तेरा महिने एक दिवस उपवास, एक दिवस बियासणे असे तप पूर्ण केलेले असते. नातेवाईक दूरदूरून येतात ते तिच्या अनुमोदनेसाठी. हाच दिवस विवाहासाठीही शुभ मानला जात असल्याने नातवाच्या लग्नाचा प्रस्ताव पुढे येतो. आजी 'नको' म्हणणार नाही. नातवाचे लग्न कोणत्या आजीला नको असते? परंतु बँडच्या गजरात तिच्या हाती रसाचा पेला घाईघाईने दिला जातो आणि मंडळी वरातीकडे धावतात. अशा वेळी आजीचा होकार हा होकार समजू नये. पारणे त्या दिवशी आणि लग्न दुसऱ्या दिवशी ठेवणे हे अधिक शोभादायक. पाहुण्यांचा मुक्काम एका रात्रीने वाढतो, एवढेच.

परवानगी मुहूर्त काढण्यापूर्वी मागावी. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एकदम पत्रिका टाकणे ही परवानगी नव्हे, ती सूचना होय. वडीलधाऱ्यांकडे समक्ष जावे. ज्या शाखेत वर्षभरात निधन झाले असेल, तेथे तर आधी जावे. मेळाव्याला त्या घरची माणसे शांतपणे येऊन बसू शकतात, मांडवात मात्र त्यांना अवघडल्यासारखे होते.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो वधूपक्ष. मेळावा वराच्या कुळाचा असल्याने सभागृहात दोनशे माणसे त्यांची आणि वधूकडची जेमतेम चाळीस! सगळे एकमेकांना ओळखतात, जुन्या आठवणी निघतात, हशा पिकतो. आणि मुलीचे आईवडील कोपऱ्यात परक्यासारखे उभे राहतात. वराकडील एका जबाबदार जोडप्याने त्या दिवशी केवळ त्यांच्यासोबत राहावे, ओळखी करून द्याव्यात, पहिल्या पंगतीत त्यांना बसवावे. खर्चाचा भारही मेळाव्याच्या आकड्यावरून त्यांच्यावर टाकू नये. मेळाव्याची वर्गणी आणि लग्नाचा खर्च यांच्या वह्या वेगळ्या असाव्यात.

माहेरवाशिणींचीही गोष्ट तशीच आहे. त्या बहिणी-बहिणी भेटायला येतात. रुखवत मांडण्यात व मानपानात त्यांचे दोन्ही दिवस गेले, तर मेळावा त्यांच्या वाट्याला आलाच नाही. आहेराबाबत पत्रिकेतच स्पष्ट नकार छापावा, कारण मेळाव्याला आलेला मनुष्य लग्नाच्या तयारीने आलेला नसतो.

तिथीचाही प्रश्न आहे. दिवाळीची सुट्टी सोयीची खरी, पण श्वेतांबर परंपरेत चातुर्मास कार्तिक शुक्ल चतुर्दशीपर्यंत असतो आणि अनेक घरी त्या काळात विवाह करीत नाहीत. गोरज मुहूर्तही टाळलेला बरा. अक्षता पडेपर्यंत सूर्य मावळतो आणि रात्रिभोजनत्याग पाळणारे वडील उपाशी परततात. सकाळचा मुहूर्त सर्वांनाच सोयीचा.

विवाहनोंदणीसाठी महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार निबंधकासमोर तीन साक्षीदार लागतात. दुसऱ्या दिवशी विमानाने परतणाऱ्या काकांचे नाव त्यात घालू नये, गावातलेच तिघे निवडावेत.

आणि कुळाचा एकत्र फोटो लग्न लागण्यापूर्वी, सकाळीच काढावा. वृद्धांना पुढे खुर्च्या, मुले खाली सतरंजीवर. जेवणे झाली की निम्मी मंडळी दुपारच्या गाडीसाठी निघालेली असतात.