गल्लीतली कुत्री आणि पालिकेचा ठेका

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात पाहुण्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते एका महापालिकेच्या लेखापरीक्षण विभागातून निवृत्त झाले आहेत.)



तुमच्या सचिवांनी मला फोन केला तेव्हा मला वाटलं, सहकाराचं महत्त्व वगैरे विषय असेल. ते म्हणाले, "साहेब, कुत्र्यांवर बोला. गेल्या तीन सर्वसाधारण सभा त्याच विषयावर मोडल्यात." मी पशुवैद्य नाही, प्राणिमित्र म्हणावं असंही माझं काही कार्य नाही. मी आयुष्यभर बिलं तपासली. पण त्यात काही वर्षं भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाच्या ठेक्याची बिलं होती, म्हणून हो म्हटलं. माझी पालिका कुठली ते सांगत नाही. तुम्हीही विचारू नका.

आधी लिफ्टचं बोलू. तुमच्या तीनही विंगच्या लिफ्टचं वार्षिक देखभालीचं कंत्राट आहे. वॉचमन एजन्सीचे आहेत, टाक्या धुणारे बाहेरचे आहेत. पण रात्री अकराला लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली तर आतला माणूस कंपनीच्या मालकाला फोन करतो का? सचिवांना करतो. सचिव झोपेतून उठून येतात, कारण काम दिलं कंपनीला असलं तरी लिफ्ट संस्थेची आहे. पालिका जेव्हा कुत्री पकडण्याचं, ऑपरेशनचं, श्वानगृह चालवण्याचं काम बाहेर देते, तेव्हा नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. तक्रार केली की वॉर्ड ऑफिस म्हणतं, संस्थेला सांगा. संस्थेला फोन केला की ती म्हणते, वॉर्डातून पत्र आणा.

कायद्याच्या बाजूने यात संशयाला जागा नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची आली, तिच्यात शहरांच्या कामांचे अठरा विषय आहेत. रस्ते, पाणी, स्मशानं यांच्या जोडीला कोंडवाडे आणि प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हाही विषय आहे. म्हणजे काम पालिकेचं. कुत्र्यांसाठीचे जन्मनियंत्रणाचे नियम 2001 च्या डिसेंबरात आले, तुमची इमारत आणि ते नियम जवळपास एका वयाचे. 2023 साली नवे नियम आले. दोन्हींचा गाभा एकच आहे: कुत्रा पकडा, निर्बीज करा, रेबीजची लस द्या, कानाला खूण करा आणि जिथून उचलला तिथेच आणून सोडा. मारायचं नाही, दुसरीकडे नेऊन टाकायचं नाही. हे काम पालिका स्वतः करू शकते किंवा मान्यताप्राप्त प्राणिकल्याण संस्थेला देऊ शकते. बहुतेक पालिका देतात, आणि त्यात गैर काही नाही. पालिकेकडे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर पुरेसे नसतात, पिंजरे नसतात, कुत्र्याला माया लावून पकडणारी माणसं तर नसतातच. या क्षेत्रातल्या काही संस्था मिळणाऱ्या पैशांपेक्षा जास्त काम करतात आणि फरक देणग्यांतून भरून काढतात, हेही मी कागदावर पाहिलेलं आहे.

मग घोडं कुठे पेंड खातं? दर कशावर बांधला आहे, तिथे.

जरा जुनी गोष्ट सांगतो. मुंबईत कंपनी सरकारच्या काळात मोकाट कुत्री वर्षातले ठरावीक आठवडे मारायचा हुकूम असे. 1832 साली ती मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे इनाम होतं. आता आठ आणे मिळणार म्हटल्यावर माणूस पिसाळलेलं, चावरं कुत्रं शोधत उन्हात का फिरेल? ओट्यावर झोपलेलं, हाक मारली की शेपूट हलवत येणारं कुत्रं सोपं. शिपाई घरांच्या आवारात शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे. 6 जूनला पारशांनी शिपायांना अडवलं, मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद, फोर्टातल्या गोऱ्या लोकांची रसद बंद, शेवटी लष्कर बोलवावं लागलं. इतिहासात याला कुत्र्यांचा दंगा म्हणतात. मी त्याला दरपत्रकाचा दंगा म्हणतो. न्यूयॉर्कमध्येही त्याच शतकात कुत्र्यामागे बक्षीस होतं, आणि तिथलीही पोरं लोकांच्या अंगणातली कुत्री पळवून कोंडवाड्यात जमा करायची.

तेव्हा मारण्याचे पैसे होते, आता जगवून नसबंदी करण्याचे आहेत. केवढा मोठा फरक! आपल्या मुंबईत अगदी अलीकडेपर्यंत विजेचा धक्का देऊन कुत्री मारत होते, ते 1990 च्या दशकात थांबलं. ते थांबलं हे चांगलंच झालं, आणि नुसत्या दयेच्या दृष्टीने म्हणत नाही. एवढी वर्षं मारूनही कुत्री कमी झाली नव्हती. पण पैसे मोजायची पद्धत तीच राहिली, नगावर. आज आपल्याकडच्या पालिका एका कुत्र्यामागे साधारण दीड ते पावणेदोन हजार रुपये देतात. नर असो, मादी असो, दर बहुधा एकच.

माझ्या टेबलावर आलेल्या एका वर्षाच्या नोंदवह्या सांगतो. एका भागात वर्षभर काम चांगलं झालेलं दिसत होतं. आकडा पूर्ण, कागद पूर्ण. रस्त्याच्या कामाला जशी मोजमाप पुस्तिका असते तशी इथे वेगळी तऱ्हा आहे: काढलेले अवयव फॉर्मॅलिनच्या बरण्यांत ठेवायचे, समितीने ते मोजायचे, मग बिल. तीही मोजणी बरोबर होती. तरी त्याच भागातून पिल्लांच्या तक्रारी वाढत होत्या. मी 'पकडल्याचे ठिकाण' हा रकाना वाचायला घेतला. पानंच्या पानं 'मार्केट परिसर', 'स्टेशन परिसर'. बाजारातली कुत्री माणसाळलेली असतात, गाडी उभी करायला जागा असते, तासाभरात पिंजरा भरतो. डोंगराच्या बाजूच्या चाळी, नाल्याकाठ, बंद गिरणीचं आवार इथे कोणी गेलंच नव्हतं. शिवाय दोन तृतीयांश नर! मादी बुजरी असते, पिल्लं असतील तर आडोसा धरून बसते. नर समोर येतो. आता गल्लीत दहा नर निर्बीज केले आणि एक राहिला, तर त्या एकावर सगळ्या माद्या गाभण राहतात. मादी वर्षातून साधारण दोनदा माजावर येते आणि दोन महिन्यांत विते. एका वेळची चार-सहा पिल्लं धरा, निम्मी मरतात म्हणा, तरी हिशेब तुम्हीच करा. या विषयातले जाणकार सांगतात की एका भागातली साधारण सत्तर टक्के कुत्री थोड्या काळात उरकली तरच संख्या खाली येते. सगळ्या शहरात विखरून तीस-तीस टक्के केली, तर पैसे खर्च होतात आणि कुत्री तेवढीच राहतात.

यात कुणी पैसे खाल्ले होते का? माझ्या तपासणीत तरी एक रुपया इकडचा तिकडे नव्हता. निविदेत जे मागितलं होतं ते त्यांनी दिलं होतं: नग. 'अमुक गल्ली पुरी करा' असं निविदेत कुठेच नव्हतं. मी तसा शेरा मारला. पुढच्या निविदेत एक ओळ वाढली, 'शक्यतो सर्व परिसर समाविष्ट करावा.' शक्यतो! सरकारी मराठीत या शब्दाइतका सोयीचा शब्द दुसरा नाही.

दुसरी अडचण सर्वात कमी दराची. लिफ्टला तुम्ही तीन कोटेशन मागवता आणि कधी कधी मधलं घेता, कारण मागच्या वेळी स्वस्तातल्याने दोरच बदलला नव्हता. पालिकेला ते इतकं सोपं नसतं. कुत्र्याला ऑपरेशननंतर चार-पाच दिवस ठेवायचं, टाके बघायचे, खायला घालायचं, मग सोडायचं. दर खाली ओढला की पहिली कात्री कशाला लागते? त्या दिवसांना. तुम्ही-आम्ही लिफ्टचं बटण दाबून तक्रार करतो, टाके सुटलेलं कुत्रं कुठे तक्रार करणार?

आता तुमच्या सभांमधल्या मुख्य मागणीकडे येतो: "सगळी उचला आणि शेल्टरमध्ये टाका." ही मागणी करणाऱ्यांना निर्दय म्हणायला मी तयार नाही. ज्यांच्या नातवाच्या पोटरीला चावा बसला आहे, त्या आजोबांना मी कुठल्या तोंडाने उपदेश करू? 11 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासच्या शहरांना हेच सांगितलं होतं. अकरा दिवसांत, 22 ऑगस्टला, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदललं: लस आणि निर्बीजीकरण करून त्याच भागात सोडा, रेबीजची लागण किंवा संशय असलेली आणि हिंस्र तेवढी ठेवून घ्या, खायला घालायच्या जागा ठरवून द्या. 7 नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, एसटी आणि रेल्वे स्थानकं अशा ठिकाणची कुत्री हलवून परत तिथे न सोडण्याचा आदेश आला. म्हणजे श्वानगृहांची गरज वाढणार, आणि ती पुन्हा ठेक्यानेच चालणार.

पण सगळीच ठेवायची म्हटली तर काय होतं ते माझ्या सवयीने मांडून दाखवतो. मुंबईत मोजणीप्रमाणे भटकी कुत्री नव्वद हजारांच्या आसपास. एकाच्या नुसत्या खाण्याचे दिवसाला चाळीस रुपये धरा, डॉक्टर, जागा, वीज, पगार काही धरू नका. दिवसाचे छत्तीस लाख झाले. वर्षाचे एकशे एकतीस कोटी. आणि जागा? पार्किंगच्या दोन फुटांवरून तुमच्याकडे कोर्टकचेरी झाली म्हणे. अशा शहरात कुत्र्यांसाठी कुठल्या वॉर्डाने जमीन द्यायची? जे श्वानगृह माणशी नव्हे, कुत्र्याशी दर दिवशी पैसे घेऊन चालतं, तिथे आत गेलेल्या प्राण्याचं पुढे काय झालं हे विचारायला कुणी नसतं. गल्लीत निदान बी विंगच्या काकू विचारतात.

त्या काकूंबद्दलही बोलायला हवं, कारण त्या इथे बसल्या आहेत आणि मघापासून माझ्याकडे बघतायत. काकू, तुम्ही कुत्र्यांना घालता ते बेकायदा नाही. पण 2023 चे नियम हेही म्हणतात की खायला घालायची जागा जिने, इमारतीचं प्रवेशद्वार आणि मुलांची खेळायची जागा यांपासून दूर असावी आणि ती ठरवण्यात रहिवाशांच्या संस्थेचा भाग असावा. म्हणजे सचिवांनी तुम्हाला हाकलायचं नाही आणि तुम्ही गेटवर पसरायचं नाही. मागच्या भिंतीकडे पाण्याच्या पंपापलीकडे जागा आहे, मी येताना पाहिली.

आणि गंमत अशी की गल्लीतलं प्रत्येक कुत्रं ओळखणारा माणूस ठेकेदाराकडे नसतो. तो तुमच्याकडे आहे. कुठली मादी गाभण आहे, कुठली पकडायला येत नाही, मंगळवारी नवीन कुठलं आलं, हे काकूंना तोंडपाठ आहे. तुमच्याकडे पाण्याच्या टँकरची वही आहे. तशी एक कुत्र्यांची ठेवा. रंग, नर की मादी, कानाला खूण आहे की नाही, लस कधी. शेजारच्या दोन सोसायट्यांना बरोबर घ्या, कारण कुत्रं तुमच्या कंपाउंडची हद्द मानत नाही. मग वॉर्ड ऑफिसला 'कुत्र्यांचा उपद्रव' असं पत्र लिहू नका. त्या पत्रावर गाडी येते, हाताला लागेल ते उचलते आणि तुमची तक्रार निकाली निघते. लिहा की या तीन सोसायट्यांच्या मध्ये इतकी कुत्री आहेत, त्यातल्या इतक्या माद्यांचं ऑपरेशन राहिलं आहे, सगळ्या एकाच फेरीत करून द्या. पकडण्याआधी त्या भागात सूचना लावणं नियमात आहे, ती मागा. पकडताना वॉचमनच्या वहीत नोंद करा, सोडताना पुन्हा करा. गेलं तेच कुत्रं परत आलं का, हे तुमच्याशिवाय कुणीही तपासू शकत नाही. लेखापरीक्षक तर नाहीच, तो वर्षभराने येतो आणि फक्त कागद बघतो.

एक गोष्ट सगळ्यांसाठी, वादापलीकडची. चावा बसला, ओरखडा जरी आला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद-मिरची भरायची नाही. लसीचे सगळे डोस घ्यायचे, मधला सोडायचा नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ नसतोच.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: "हे सगळं पालिकेचं काम असताना आम्ही का करायचं?" ताई, तुम्ही कर भरता, प्रश्न रास्त आहे. पण लिफ्टवाला येऊन गेल्यावर त्याच्या कागदावर सही कोण करतं? सचिव. लिफ्ट चालून बघून मगच करतात. कुत्र्यांच्या ठेक्यात ती सही आज वॉर्डातला कारकून करतो, आणि त्याने तुमची गल्ली पाहिलेली नसते. त्या कागदावर रहिवाशांच्या संस्थेच्या सहीचा एक रकाना असावा, अशी मागणी तुमच्या फेडरेशनने पुढच्या निविदेआधी लेखी करावी. निविदा निघाल्यावर केली तर उपयोग नाही, दर तेव्हा ठरलेला असतो.

बाकी, येताना तुमच्या गेटपाशी दोन कुत्री पहुडलेली दिसली. काळ्याच्या कानाला खूण आहे. तांबडीचे दोन्ही कान सबंध आहेत, आणि माझी नजर चुकत नसेल तर तिचं पोट खाली आलं आहे. काकूंना तारीख विचारून घ्या. पिल्लं दूध तोडतील तेव्हा ती आणि तिच्या आसपासच्या राहिलेल्या माद्या एकाच गाडीत जायला हव्यात, म्हणजे पत्र या आठवड्यातच लिहायला लागेल.