लक्षणांवाचून वाढणारा हृदयविकार



हृदयविकाराचा झटका अवचित येतो, असा सर्वसाधारण समज आहे. झटका अवचित आला, तरी त्यामागील विकार मात्र वर्षानुवर्षे वाढत असतो. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणींच्या अस्तरात मेदाचे थर साठू लागतात, ही प्रक्रिया बहुधा तारुण्यातच सुरू होते. रोहिणीचा मार्ग बराच अरुंद होईपर्यंत श्रम करतानाही छातीत दुखत नाही. कित्येकदा लहानसा थरच एकाएकी फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि रक्तप्रवाह खुंटतो. अशा रुग्णांच्या बाबतीत पहिला झटका हेच पहिले लक्षण ठरते.

घाटकोपरसारख्या उपनगरात ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. असल्फा, भटवाडी येथील टेकडीवरच्या वस्त्यांतील कामकरी रोज पायऱ्या चढतो-उतरतो, स्थानकावरील गर्दीतून लोकल गाठतो. परंतु काही दुखत-खुपत नाही म्हणून दवाखान्याची पायरी चढत नाही. शारीरिक श्रम हितकारक खरेच. तथापि श्रम सोसवतात म्हणून रक्तदाब प्राकृत आहे, असे अनुमान काढता येत नाही. घरातील एकमेव कमावता माणूस अंथरुणाला खिळला, तर साऱ्या कुटुंबाचा आधारच खचतो.

मुंबई महानगरपालिकेच्या क्षेत्रात २०२१ मध्ये झालेल्या पाहणीत १८ ते ६९ वर्षे वयाच्या सुमारे ३४ टक्के नागरिकांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले. बावन्न देशांतील रुग्णांचा 'इंटरहार्ट' हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षे आधीच येतो, असे त्यातून दिसून आले. तंबाखू, रक्तातील मेद, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा स्थूलपणा, मानसिक ताण यांसारख्या नऊ घटकांशीच बहुतांश धोका निगडित असल्याचेही त्यात आढळले. यांपैकी बहुतेक घटक मोजता येतात आणि आवरताही येतात.

यासाठी प्रथम महागडी यंत्रे लागत नाहीत. तीस वर्षांवरील प्रत्येकाने रक्तदाब व रक्तशर्करा तपासून घ्यावी. पाच मिनिटे स्वस्थ बसल्यावरच रक्तदाब मोजावा. निरनिराळ्या दिवशी तो वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक भरल्यास उपचारांचा विचार करावा लागतो. उपाशीपोटी रक्तशर्करा १२६ किंवा अधिक आढळल्यास फेरतपासणी करावी. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. आईवडील वा भावंडांना कमी वयात हृदयविकार झाला असल्यास ते डॉक्टरांना अवश्य सांगावे.

विश्रांतीच्या वेळी काढलेला हृदयालेख प्राकृत आला, म्हणजे रोहिणी निर्दोष आहेत असे नव्हे. उलटपक्षी, कोणतेही लक्षण नसलेल्या प्रत्येकाने अँजिओग्राफी करून घेणेही उचित नाही. पुढील तपासण्यांची गरज एकूण धोका पाहून डॉक्टरच ठरवितात. ॲस्पिरिनसारखी गोळीही स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

प्रतिबंधाचा मार्ग साधा आहे. विडी, सिगारेट, मिश्री, गुटखा पूर्णतः सोडावीत. दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवावे. लोणची, पापड, फरसाण यांतून ते नकळत पोटात जाते. आठवड्यातील बहुतेक दिवशी अर्धा तास भरभर चालावे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर शवासनाचा प्रयोग करून १९६९ मध्ये त्याचे उत्साहवर्धक निष्कर्ष प्रसिद्ध केले. मात्र अशा उपायांच्या भरवशावर चालू औषध परस्पर बंद करू नये.

खरी कसोटी येथेच लागते. गोळ्यांनी रक्तदाब उतरला की रुग्णास बरे वाटते आणि गोळ्या बंद होतात. रक्तदाब पुन्हा चढतो, आणि तोही लक्षणांवाचूनच. रक्तदाब आटोक्यात आहे, याचा अर्थ औषध काम करीत आहे, असा घ्यावयाचा असतो.

महापालिकेच्या दवाखान्यांत तसेच घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात तपासणीची सोय आहे. छातीत दडपण, दम लागणे, घाम सुटणे अशी चिन्हे दिसताच मात्र वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पण ती वेळच येऊ नये, यासाठी प्रकृती ठणठणीत असतानाच घरातील प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाने दवाखान्याची वाट धरावी.