संकटाचा गजर आणि मनाचा उपचार



घरांतील एखादी कर्ती स्त्री पतीच्या दीर्घ दुखण्यांत रात्रंदिवस राबते. दुखणें बरें होतें, आलेगेले पाहुणे परततात, घर पूर्ववत् चालूं लागतें. पण तिची झोप मात्र परत येत नाहीं. पहाटे तीनलाच जाग येते, अन्न गोड लागत नाहीं, कशांतच मन रमत नाहीं. घरचीं माणसें म्हणतात, "आतां कसली काळजी? मन जरा घट्ट कर." सल्ला मायेचा असतो, तरी तो लागू कां पडत नाहीं, हें समजण्यासाठीं थोडा वेळ शरीराकडे पाहिलें पाहिजे.

भयाचे शरीरावर होणारे परिणाम मराठी भाषेला फार पूर्वींपासून ठाऊक आहेत. छातींत धडकी भरते, पोटांत गोळा उठतो, तोंडचें पाणी पळतें. भीतीनें लाळ खरोखरच आटते आणि पोटाचें काम खरोखरच थांबतें. हार्वर्ड विद्यापीठांतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन हे क्ष-किरणांच्या साहाय्यानें मांजराच्या पचनक्रियेचें निरीक्षण करीत असत. मांजर बिथरलें कीं त्याच्या जठराची हालचाल बंद पडते, असें त्यांस आढळून आलें. याचें मर्म त्यांनीं १९१५ सालच्या आपल्या ग्रंथांत उलगडून दाखविलें. संकट दिसतांच शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी करतें. अन्न पचविण्यास तेव्हां त्याला सवड नसते.

ही तयारी दोन टप्प्यांनीं होते. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून प्रथम क्षणार्धांत ॲड्रिनॅलिन रक्तांत मिसळतें व नाडी जलद होते. दुसरा टप्पा कांहीं मिनिटांनीं येतो. मेंदूच्या तळाशीं असलेला हायपोथॅलॅमस हा भाग पिट्युइटरी ग्रंथीस आज्ञा देतो, पिट्युइटरी अधिवृक्क ग्रंथींस देते, आणि त्यांच्या बाह्य थरांतून कॉर्टिसॉल हें द्रव्य स्रवतें. त्यायोगें रक्तांतील साखर वाढते व शरीरास बळ मिळतें. पुढें हेंच कॉर्टिसॉल मेंदूकडे जाऊन 'आतां पुरे' असा निरोप पोंचवितें आणि आज्ञा थांबते. घड्याळाचा गजर वेळेवर वाजावा लागतो, तसा तो बंदही व्हावा लागतो.

तो बंद न झाल्यास काय होतें? १९३६ सालीं माँट्रिअल येथील हान्स सेल्ये यांनीं उंदरांवरील प्रयोगांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. थंडी, जखम, अतिश्रम, विषारी औषधें असे निरनिराळे आघात असतांही परिणाम एकच दिसला: अधिवृक्क ग्रंथि फुगल्या, छातींतील थायमस ग्रंथि आक्रसली, जठरांत व्रण पडले.

मनाशीं याचा संबंध मनुष्यांतही दिसतो. हार्वे कुशिंग यांनीं १९३२ सालीं वर्णिलेल्या विकारांत कॉर्टिसॉल बेसुमार वाढतें, आणि अशा पुष्कळ रुग्णांस औदासीन्य ग्रासतें. कॉर्टिसॉल उतरल्यावर तें बहुधा ओसरूं लागतें. उलटपक्षीं, तीव्र विषादानें पीडित झालेल्या अनेकांच्या रक्तांत कॉर्टिसॉल अधिक सांपडतें. निरोगी मनुष्यास रात्रीं डेक्सामेथॅसोनची गोळी दिल्यास दुसऱ्या दिवशीं त्याचें कॉर्टिसॉल घटतें. तीव्र विषादाच्या अनेक रुग्णांत तें घटत नाहीं. १९८१ सालीं बर्नार्ड कॅरोल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ही परीक्षा निदानासाठीं सुचविली. परंतु ती पुष्कळ रुग्णांस हुकते आणि इतर विकारांतही तसेंच उत्तर देते, म्हणून सर्वसामान्य निदानांत तिला स्थान मिळालें नाहीं. युद्ध किंवा अत्याचार भोगलेल्या कित्येकांत तर याच्या उलट प्रकार आढळतो: कॉर्टिसॉल कमी असतें. तेव्हां सर्वांस एकच मात्रा चालणार नाहीं, हें उघड आहे.

उपचाराच्या दृष्टीनें यांत महत्त्वाचें काय? संभाषणानें मनावर करावयाचा उपचार हा एक प्रकारचा अभ्यासच होय. जुन्या भीतीच्या जागीं नवी समजूत रुजवावयाची असते, आणि तें काम मेंदूच्या ज्या भागांकडे आहे त्यांवरच दीर्घकाळच्या कॉर्टिसॉलचा ताण पडतो. २०१७ सालीं अनेक अभ्यासांचें एकत्रित परीक्षण प्रसिद्ध झालें. त्यांत, संभाषणोपचारापूर्वीं ज्यांचें कॉर्टिसॉल अधिक होतें, त्यांच्यांत अखेरीस लक्षणेंही अधिक उरलीं, असें दिसून आलें. म्हणून दुखणें तीव्र असल्यास वैद्य आधीं झोप सुधारण्याची खटपट करतात, जरूर तर औषध देतात, आणि संभाषणाची जोड देतात. औषधाचा गुण येण्यासही कित्येक आठवडे लागतात.

दुसरी गोष्ट सावधगिरीची. चेहरा हंसरा झाला तरी आंतील गजर पुरता थांबलेला असतोच असें नाहीं. बरें वाटूं लागल्यावरही ज्यांची वरील परीक्षा बिघडलेलीच राहिली, त्यांच्यांत दुखणें उलटण्याचा संभव अधिक आढळला आहे. "आतां बरें आहे, कशाला त्या गोळ्या?" असें म्हणून घरच्यांनीं उपचार परस्पर थांबवूं नये.

त्या गृहिणीस आळशी किंवा दुबळी म्हणणें म्हणजे वाजत्या गजरांत आणखी एक भर घालणें होय. घरच्यांनीं तिच्या कामाचा भार वांटून घ्यावा, तिला स्वस्थपणें निजूं द्यावें, आणि दोन आठवड्यांतही उतार न दिसल्यास तिच्यासमवेत वैद्याकडे जावें. जीव नकोसा झाल्याचे शब्द तिच्या तोंडून निघाले, तर मात्र एक दिवसही थांबूं नये.