करंडा कुणाचा?

(आयर्लंडमधल्या आपल्या गटाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या आजीच्या फणीकरंड्याच्या पेटीत पितळी करंडा होता. आधी कपाळाला मेण, मग कुंकू. आजोबा गेले त्या दिवशी घरच्यांनीच तो काढून घेतला. तिला कुणी विचारलं नाही. उद्या त्यावर ‘पितळी डबी, महाराष्ट्र’ अशी चिठ्ठी लावली तर ती खोटी नसेल. पण तीत आजी कुठेच नसेल.

कांगोतल्या कुबा लोकांच्या लाकडी डब्या पाहताना मला हेच आठवतं. त्यांच्यावर विणल्यासारखी कोरीव नक्षी असते. आत तुकुला, म्हणजे तांबड्या लाकडाची पूड. तेलात कालवून ती अंगाला, केसांना लावत. मृतांच्या अंगालाही लावत. एमिल टॉर्डे यांनी 1907 ते 1909 च्या सफरीत ब्रिटिश म्यूझियमसाठी कांगोतून 3,000 हून अधिक वस्तू जमवल्या. चिठ्ठीवर नाव राहतं ते जमवणाऱ्याचं. डबी वापरणारी बाई निनावी.

‘पण विकतच घेतल्या ना?’ असं कुणी म्हणेल. राजा लिओपोल्डच्या कांगोत रबरासाठी लोकांचे हात तोडले जात. हे 1904 च्या अहवालात जगापुढे मांडलं ते डब्लिनमध्ये जन्मलेल्या रॉजर केसमेंट यांनी. त्यांनीही तिथल्या वस्तू डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिल्या. म्हणजे प्रश्न माणूस चांगला की वाईट, एवढाच नाही. समोरच्याला ‘नाही’ म्हणायची सोय होती का, हा आहे.

आयर्लंडला हे कळायला हवं. 1890 मध्ये हॅडन आणि डिक्सन यांनी इनिशबॉफिन बेटावरून 13 कवट्या गुपचूप उचलल्या. त्या ट्रिनिटी कॉलेजात राहिल्या. बेटकऱ्यांनी मागणी लावून धरली, तेव्हा जुलै 2023 मध्ये त्या परत येऊन बेटावर पुरल्या गेल्या.

आणि आपण? 2024 मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याला उसनी आली, तेव्हा आपल्या ईमेलचा पूर आला. राजांच्या शस्त्रांसाठी आपण जागे होतो, बायकांच्या डब्यांसाठी होत नाही.

माझी सूचना साधी आहे. पुढच्या वेळी मुलांना संग्रहालयात न्याल, तेव्हा एक वस्तू निवडा आणि तिथे लेखी विचारा: ही कुणाची, कधी, कशी आली, आणि तिच्या लोकांना ती इथे आहे हे माहीत आहे का? उत्तर आलं तर इथे सर्वांना वाचून दाखवा. आणि घरी एखादा करंडा असेल, तर तो कुणाचा होता, तिचं नाव लिहून ठेवा.