घरच्या वाक्यातून इंग्रजीकडे



इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांचे हे संमेलन बुऱ्हाणपुरात भरते आहे, याचा आनंद वेगळाच आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात याच शहरी शाहजादा परवेझला भेटला होता. इथल्या जामा मशिदीत अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. आजही इथे एकाच बाकावरच्या मुलांपैकी कुणाच्या घरी मराठी बोलतात, कुणाच्या घरी निमाडी, कुणाच्या घरी उर्दू. अशा वर्गात इंग्रजी शिकवायची कशी, एवढ्याच प्रश्नावर मी बोलणार आहे.

फळ्यावर एक वाक्य लिहू या : ‘तुला तिच्याशी बोलायला हवे.’ इंग्रजीत ते होते, ‘यू शुड टॉक टु हर.’ मुले जिथे हमखास अडखळतात ती तिन्ही ठिकाणे यात आहेत : सहायक क्रियापद, सर्वनाम आणि शब्दयोगी अव्यय. आता ‘तुला’ जागेवर ठेवा आणि उरलेले वाक्य शेवटाकडून वाचा. ‘हवे’, ‘बोलायला’, ‘-शी’, ‘ती’. शुड, टॉक, टु, हर. हिंदीतले ‘तुम्हें उससे बात करनी चाहिए’ असेच उलट वाचून पाहा, हाच क्रम मिळेल. म्हणजे मराठी, हिंदी, उर्दू घरांतली सगळी मुले एकाच वाटेने इंग्रजी वाक्यापर्यंत पोहोचू शकतात.

सर्वनामाची अडचणही मुलाच्या ओळखीची आहे. ‘ती’ला ‘शी’ जोडताना आपण ‘तीशी’ म्हणत नाही, ‘तिच्याशी’ म्हणतो. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे रूप बदलते, याला आपण सामान्यरूप म्हणतो. इंग्रजीतल्या ‘शी’चे ‘हर’ होते तेही त्याच जातीचे. पाठ करायला लावण्याआधी एवढे सांगितले, तरी मुलाच्या मनातली निम्मी भीती जाते.

खरा फरक पुढे आहे. ‘मला जायला हवे’, ‘मुझे जाना चाहिए’ यांत जबाबदारी माणसावर येऊन पडते, म्हणून ‘मला’, ‘मुझे’. इंग्रजी त्याला कर्ताच करते : ‘आय शुड गो.’ शिवाय आपले ‘शकतो, शकते, शकतात’ माणसाप्रमाणे बदलते, ‘कॅन’ मात्र सर्वांना सारखेच आणि त्याच्या पुढचे क्रियापद मूळ रूपातच राहते. ‘ही गोज’ नुकतेच शिकलेले मूल ‘ही कॅन गोज’ म्हणते, ते शिकलेला नियम प्रामाणिकपणे लावत असते.

शब्दयोगी अव्ययांत तर चूक कुठल्या घरातून आली तेही कळते. ‘त्याला विचारले’ म्हणणारे मूल ‘आस्क्ड टु हिम’ लिहिते, ‘उससे पूछा’ म्हणणारे ‘आस्क्ड फ्रॉम हिम’. इंग्रजीला इथे दोन्ही नकोत, ‘आस्क्ड हिम’ पुरे. लाल शाईची रेघ मारण्यापूर्वी ही दोन वाक्ये शेजारी लिहा. वर्ग स्वतःच उत्तर शोधतो.

आदराचेही असेच. आपला आदर ‘तुम्ही’, ‘आपण’, ‘आप’ यांत असतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’ आणि मान राखण्याचे काम ‘कुड’, ‘वुड’ करतात. ‘पुस्तक द्या’ हे मराठीत पुरेसे अदबीचे आहे, पण ‘गिव्ह मी द बुक’ अनोळखी माणसाला रुक्ष वाटते, तिथे ‘कुड यू गिव्ह मी द बुक?’ म्हणावे लागते. हे न शिकलेला आपला हुशार मुलगा मुलाखतीत उद्धट ठरतो. हा अन्याय टाळणे आपल्या हाती आहे.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले, तेव्हा त्यांनी इंग्रजी व्याकरणाचा आधार घेतला. आज इंग्रजी समजावताना मराठी व्याकरणाचा आधार घ्यायला आपण संकोचू नये. ‘वर्गात मातृभाषा बोलायची नाही’ असे फलक लावून इंग्रजी येत नाही, मूल फक्त गप्प होते.

म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे. आपल्या वर्गातल्या चुका घरच्या भाषेप्रमाणे लावून एका वहीत टिपा आणि पुढच्या संमेलनात त्या वह्या एकमेकांना दाखवा. बुऱ्हाणपूरच्या मुलांसाठी इंग्रजीचे सर्वांत उपयोगी पुस्तक त्याच वह्यांतून तयार होईल, आणि ते आपणच लिहायचे आहे.