जॉबवर्क की नोकरी? सही करण्याआधी



जून जवळ आला, की शाळेच्या गणवेशांची शिलाई गटांकडे येऊ लागते. पूर्वी सगळं तोंडी चालायचं. आता पार्टी दोन पानी कागद पुढं करते आणि म्हणते, "ताई, इथं इथं सह्या करा." त्या दोन पानांवरून आपला पैसा पगार की धंद्याची कमाई, हे ठरू लागतं. म्हणून आज त्याबद्दल बोलू या.

फरक काय? पगार धरला, तर दोरा, सुया, वीज, मशीनची दुरुस्ती, टेम्पोचं भाडं यातलं काहीच वजा होत नाही. सगळ्या पगारदारांना मिळते ती ठरावीक वजावट, बस्स. धंदा धरला, तर खर्च जाऊन उरेल तेच उत्पन्न. वह्या लिहिणं जमत नसेल, तर बाईच्या स्वतःच्या नावावरच्या छोट्या धंद्याला आणखी एक सोय आहे. बँकेत आलेल्या रकमेवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरून विवरणपत्र भरता येतं. तीन लाखांची शिलाई खात्यावर जमा झाली, तर १८ हजार उत्पन्न.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याला कुठं कर लागतोय? खरं आहे, बहुतेकींना लागत नाही. पण कापला मात्र जातो. मोठी पार्टी असेल आणि एक बिल ३० हजारांच्या वर गेलं, किंवा वर्षाची मिळून रक्कम १ लाखाच्या वर गेली, तर जॉबवर्कवर टीडीएस कापतात. एकट्या बाईच्या नावावर १ टक्का, गटाच्या नावावर २ टक्के. पॅन दिला नाही, तर थेट २० टक्के! म्हणजे ५० हजारांच्या बिलातले १० हजार गेले. कापलेला पैसा विवरणपत्र भरून परत मागता येतो, पण पार्टीने तो आपल्या पॅनवर भरलाय का, हे आधी बघावं लागतं. त्याचा दाखला मागून घ्या, लाजू नका.

कागदात बघायचं ते हे. "दरमहा वेतन", "सकाळी १० ते ६ हजर राहणे", "दुसऱ्या कोणाचे काम घेणार नाही" असे शब्द दिसले, की थांबा. त्यांना सांगा, "भाऊ, दर नगामागे लिहा. मशीन आमचं, वेळ आमची. एखादी आजारी पडली तर गटातली दुसरी बाई शिवेल, तेही लिहा. दुसऱ्याचं काम घ्यायची मोकळीक हवी." नग बाद झाला तर कापडाचं नुकसान कोणी भरायचं, हेही आधीच ठरवा. बहुतेक भांडणं तिथंच होतात.

पण नुसता कागद रंगवून भागत नाही. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयात सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसचा खटला झाला. शिंपी नगावर पैसे घेत, काही जण काम घरीही नेत. मालक म्हणाला, हे माझे नोकर नाहीत. पण मशीन दुकानाची होती आणि शिलाई पसंत नसेल तर परत शिवून घ्यायचा हक्क मालकाकडे होता. न्यायालयाने त्यांना नोकर ठरवलं. तो खटला कराचा नव्हता, दुकान कायद्याचा होता. तरी प्रत्यक्ष काम कसं चालतं हे बघायची रीत तीच.

आणि हे उलट बाजूनेही लागू आहे, हे आम्हाला मुद्दाम सांगायचंय. तुम्ही त्याच्या शेडमध्ये, त्याच्या मशीनवर, त्याच्या घंटेवर बसत असाल, तर "जॉबवर्क"च्या कागदावर सही करू नका. टक्काभर कराच्या नादात भविष्य निर्वाह निधी हातचा जाईल. तिथं वीस किंवा जास्त माणसं असतील, तर तो मागायचा हक्क तुमचा आहे. घरी विड्या वळणाऱ्या बायकांनाही तो कोर्टातून मिळालेला आहे.

जॉबवर्कच करायचं असेल, तर उद्यम नोंदणी करून घ्या. ती फुकट आहे, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. नोंदणी असली, की पार्टीला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर केला तर व्याज लागतं, आणि तो खर्च त्या वर्षी त्यांच्या कराच्या हिशोबात धरला जात नाही. मार्च महिन्यात हे वाक्य फोनवर सांगून बघा, पार्टीचा आवाज मऊ होतो.

करार मराठीत मागा, आणि सही झालेली एक प्रत गटाच्या पेटीत ठेवा. पुढच्या वेळी बिल कसं लिहायचं ते बघू. कोरी बिलबुकं घेऊन बसा.